माग, कूलर, आलमारी आणि विम्याचा कागद

खाप्याच्या जुन्या वस्तीत घर कुठे संपते आणि कामाची जागा कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला चटकन सांगता येत नाही. पुढच्या खोलीत खड्डामाग, शेजारी सुताच्या लडी, कोपऱ्यात कांड्या भरायचा चरखा, आणि पडद्यापलीकडे दिवाण, आलमारी, फ्रीज. कन्हानच्या काठचे सावनेर तालुक्यातले हे गाव कोष्ट्यांचे, लुगड्या-पातळांचे. १८६७ साली येथे नगरपालिका झाली, म्हणजे विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांमध्ये खाप्याची गणना होते. आता माग पुष्कळ कमी झाले. घरातला एखादा मुलगा गुमगावच्या मँगनीज खाणीत जातो, दुसरा नागपूरला कंपनीत, आणि कर्ज काढून जुन्या कवेलूच्या घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते.

त्या कर्जासोबत बँक घराचा विमा उतरवून घेते. घरमालकाने कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या केलेल्या असतात आणि पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये जाऊन बसते. कित्येक घरांत विमा आहे हेच कोणाला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांतल्या अनेकांचा आणखी एक गैरसमज असतो. ‘लोनचा इन्शुरन्स’ म्हणून जे काढलेले असते तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. कर्जदार दगावला तर कर्ज फिटावे एवढीच त्याची व्याप्ती. घर जळाले किंवा पुराचे पाणी आत शिरले तर त्यातून एक रुपया मिळत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे बँकेत जाऊन घराच्या पॉलिसीची प्रत मागून घेणे. ती आपल्या नावाची असते, हप्ता आपण भरलेला असतो. ती मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

हा विषय कोरडा वाटतो खरा, पण नागपूर जिल्ह्याने गेल्या काही वर्षांत त्याची किंमत मोजलेली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच आणि कन्हान नद्यांना आलेल्या पुरात पारशिवनी, कामठी, मौदा या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूर शहरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या अंथरुणापर्यंत पाणी आले. भिंती उभ्याच राहिल्या. नुकसान झाले ते आतल्या सामानाचे. फ्रीज आडवे झाले, सोफे चिखलात भिजले, आलमाऱ्यांतले कपडे आणि कागद गेले. सरकारने तेव्हा घरामागे दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली होती.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले निकष पाहिले की या मदतीचा आवाका कळतो. घर वाहून गेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये. हातमाग कारागिराची अवजारे गेली तर ५,०००, कच्चा माल किंवा तयार माल गेला तर आणखी ५,०००. ही रक्कम पहिल्या आठवड्याची चूल पेटवण्यासाठी आहे आणि त्या अर्थाने ती मोलाची आहे. पण नवा फ्रीज, नवी आलमारी, चार माणसांचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण तिच्यात बसत नाही. ही मोठी दरी भरून काढायची तर सामानाचा विमा लागतो, आणि तोही आजच्या घराशी जुळणारा लागतो.

आपल्याकडे घराच्या विम्यात खरा बदल झाला तो १ एप्रिल २०२१ पासून. त्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आगविम्याच्या आणि घरगुती विम्याच्या पॉलिश्या होत्या. कोणाच्या कागदात कोणती अट आहे याचा पत्ता लागत नसे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, आग आणि तत्सम धोक्यांसाठी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकाच नमुन्याची पॉलिसी विकावी असे ठरवले. तिचे नाव ‘भारत गृह रक्षा’. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. हप्ता, सेवा आणि वर जोडायची पुरवणी कलमे मात्र वेगळी असू शकतात.

आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, झाड किंवा वाहन घरावर आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून होणारे नुकसान, एवढे धोके या पॉलिसीत येतात. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला वेगळी यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळते, कमाल दहा लाखांपर्यंत. सामान त्याहून जास्त किमतीचे असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवता येते. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचाही विमा घेता येतो. खाणीत किंवा शाळेत बदलीवर येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांना हे विशेष सांगायला हवे, कारण ‘घर आपले नाही तर विमा कशाचा’ असाच त्यांचा समज असतो.

हे आपोआप मिळणारे २० टक्के आपल्याला पुरतात का, ते हिशेब मांडूनच कळते. समजा, घराचे चटईक्षेत्र ८०० चौरस फूट आहे आणि तसेच घर आज बांधायला चौरस फुटाला १,८०० रुपये लागतात. इमारतीची विमा रक्कम झाली १४ लाख ४० हजार. जागेची किंमत यात धरायची नाही, कारण जागा जळत नाही. याचे २० टक्के म्हणजे २ लाख ८८ हजार. आता घरात फिरून मोजायचे. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, दोन कूलर, इन्व्हर्टर आणि बॅटरी, शिलाई मशीन, मिक्सर, दोन आलमाऱ्या, दिवाण, पलंग, गाद्या, देवघर, मुलीच्या अभ्यासाचा लॅपटॉप. मग स्वयंपाकघरातले गंज, गुंड, पराती, पितळेची आणि तांब्याची भांडी, कुकर. मग कपडे. कपडे लोक मोजतच नाहीत, आणि लग्नसराईच्या साड्या एका ट्रंकेत पन्नास हजारांच्या सहज असतात. प्रत्येक वस्तू तशीच नवी घ्यायला आज काय पडेल, ती किंमत लिहायची. दहा वर्षांपूर्वीची पावती येथे उपयोगाची नाही. साधेसुधे वाटणारे घरही तीन लाखांच्या वर गेलेले दिसेल, आणि मग २ लाख ८८ हजार अपुरे पडतात हे कागदावर दिसते.

जुन्या पॉलिश्यांत येथेच घात होत असे. त्यांत ‘सरासरी’ची अट असायची. सहा लाखांच्या सामानाचा तीन लाखांचा विमा काढला असेल आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे की तुम्ही निम्म्याचाच विमा काढला, म्हणून निम्मेच देऊ. हातात पन्नास हजार. भारत गृह रक्षामध्ये ही कपात पूर्णपणे काढून टाकली आहे. एक लाखाचे नुकसान विमा रकमेच्या आत असेल तर एक लाखच धरले जाते. माझ्या मते सामान्य माणसासाठी या पॉलिसीतला हा सर्वात मोठा दिलासा आहे. कोणाकडे २०२१ पूर्वीची दीर्घ मुदतीची पॉलिसी चालू असेल, तर ती बदलण्याचा विचार करायला एवढे एक कारण पुरेसे आहे.

पण बदलताना काही हातचे जाऊही शकते, आणि ते एजंट आपणहून सांगेलच असे नाही.

जुन्या घरगुती पॅकेज पॉलिसीत वेगवेगळे विभाग असत. आगीचा एक, घरफोडीचा एक, उपकरणे बिघडण्याचा एक, दागिन्यांचा एक. भारत गृह रक्षामध्ये चोरीचा उल्लेख आहे, पण तो असा: वर सांगितलेल्या धोक्यांपैकी एखादा घडला आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत त्या प्रसंगामुळे चोरी झाली, तरच भरपाई. पुरात घर सोडावे लागले आणि मागे चोर शिरले, तर ती चोरी धरली जाते. उन्हाळ्यात कुटुंब लग्नाला गेले आणि कुलूप तोडून चोरांनी आलमारी साफ केली, तर नाही. त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण जोडावे लागते. आपल्या गावात माणूस घराच्या विम्याचा विचार करतो तो मुळात चोरीच्या भीतीने, आणि मूळ पॉलिसीत नेमके तेच नसते. जुनी पॅकेज पॉलिसी सोडून नवी घेताना ‘घरफोडी यात आहे का, असेल तर किती रकमेची’ हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. घरफोडीच्या कलमात कुलूप, दार, खिडकी किंवा छप्पर फोडून आत शिरल्याची खूण लागते, हेही त्याच वेळी समजून घ्यावे. उघड्या दारातून मोबाईल उचलून नेला तर तो प्रकार वेगळा.

दुसरी जागा विजेची. उन्हाळ्यात खाप्यात सकाळी अकरापासून रात्री उशिरापर्यंत कूलर बंद होत नाही. मोटर तापते, वायरिंग जुने असते, व्होल्टेज खालीवर होते. कूलरची मोटर जळाली तर कंपनी तिचे पैसे देत नाही. शॉर्टसर्किट, जास्त दाब, स्वतःच तापणे यांमुळे ज्या उपकरणाचे नुकसान होते ते उपकरण पॉलिसीतून वगळलेले आहे, आणि कारण आकाशातली वीज असली तरी विद्युत दोषाने गेलेल्या यंत्राला हीच अट लागते. पण त्या मोटरीची ठिणगी वाळ्याच्या ताटीवर पडली, पडदा पेटला, आलमारी आणि गाद्या जळाल्या, तर ती आग आहे आणि तिचे नुकसान भरून मिळते. वगळलेले असते फक्त ते एक यंत्र. गडगडाटात टीव्हीचा बोर्ड उडणे ही आपल्याकडे दर पावसाळ्याची गोष्ट. त्यावर क्लेम नाकारला गेला की लोक म्हणतात कंपनीने फसवले. वास्तविक उपकरण-बिघाडाची पुरवणी घेतलेली नसते. जुन्या पॅकेजमध्ये ती असेल तर बदलताना ती सोबत येते की नाही, ते पाहायलाच हवे.

उधई, बुरशी, हळूहळू झालेली झीज, कवेलूतून किंवा स्लॅबमधून वर्षानुवर्षे होणारी गळती, ही देखभालीची कामे समजली जातात. रोख रक्कम, कागदपत्रे आणि वाहने सामानात धरली जात नाहीत.

आता मागाकडे येऊ, कारण खाप्यातल्या घराचा विमा येथेच अडतो. भारत गृह रक्षा ही राहत्या घराची आणि घरगुती सामानाची पॉलिसी आहे. घरातल्या मागावर पातळे विणून ती विकली जात असतील तर तो माग, फण्या, धोटे, सुताचा साठा आणि घडी घालून ठेवलेला तयार माल ही धंद्याची मालमत्ता झाली. घरातल्या सामानाच्या रकमेत ती मिसळून टाकली आणि पुढे आग लागली, तर नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर पहिल्याच फेरीत विचारेल की हे सूत कशासाठी. कागदावर ‘फक्त निवासी वापर’ असे लिहिलेले आणि पुढच्या खोलीत चालता माग, ही विसंगती सगळ्या क्लेमलाच बाधक ठरू शकते. सुताचा साठा आग लवकर पकडतो आणि पसरवतो, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने ती माहिती महत्त्वाचीच असते.

यावर तोड आहे आणि ती त्याच १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. नियामकाने गृह रक्षासोबत छोट्या धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी आणली. एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या कोणत्याही उद्योगासाठी ती आहे. पाच कोटी हा आकडा ऐकून विणकराने बिचकू नये. ती वरची मर्यादा आहे, खालची नव्हे. दोन माग, सूत आणि तयार मालाचाही विमा तिच्यात उतरतो. कमी रकमेचा विमा काढल्याबद्दलची कपात येथे घराइतकी पूर्ण माफ नाही. तूट १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती सोडून दिली जाते, त्याहून जास्त असेल तर कपात होते. म्हणून सणासुदीच्या आधी माल साठतो तेव्हाची मोठी रक्कम धरून विमा काढणे शहाणपणाचे. एकाच छपराखाली घराची एक आणि मागाची एक अशा दोन पॉलिश्या असू शकतात. फक्त दोन्हींच्या प्रस्तावात खरी स्थिती लिहायची: पुढच्या खोलीत इतके माग, मागच्या दोन खोल्या राहण्याच्या. हेच शिवणकाम, पापड-लोणची, घरातली पिठाची चक्की यांनाही लागू आहे. सासूबाईंची एक शिलाई मशीन घरच्या कपड्यांसाठी असेल तर ते सामान. चार मशिनी टाकून बाया कामाला बसवल्या की तो उद्योग.

बांधकामाबद्दलही खरे तेच सांगावे. गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री, प्लॅस्टिक यांच्या भिंती किंवा छत असेल तर विम्याच्या भाषेत ते ‘कच्चे बांधकाम’. कवेलू या यादीत नाहीत. पण घराच्या मागे गोठ्यासारखी तुराट्यांची शेड असेल आणि तिच्यात सामान ठेवत असाल तर ती शेड वेगळी दाखवा.

पॉलिसी चालू असताना घर बदलत राहते, आणि बहुतेक माणसे नूतनीकरणाची वाट पाहतात. तशी गरज नसते. कंपनीला कळवून मधल्या काळातही दुरुस्ती करून घेता येते. त्या जोडपत्राला एंडोर्समेंट म्हणतात. वर एक मजला चढवला, भाडेकरू ठेवला, पत्ता बदलला, घर महिनाभराहून अधिक काळ कुलूपबंद राहणार आहे, पुढच्या खोलीत दुकान काढले, ही सगळी कळवायची माहिती. छतावर सौर पॅनेल बसवले असतील तर तेही कळवा, आणि ते इमारतीत धरले आहेत की सामानात, ते विचारून घ्या. म्हणजे कोणती रक्कम वाढवायची ते कळेल. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या गृह रक्षा पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. त्यामुळे महागाईची काळजी थोडी मिटते, पण नव्या मजल्याची नाही. जाता जाता एक सांगतो: कर्ज फिटले की पॉलिसीवरचे बँकेचे नाव काढून घ्या. ते राहिले तर भरपाईच्या वेळी बँकेचे नाहरकत पत्र आणायला सावनेरला फेऱ्या घालाव्या लागतात, तेही घर राहण्याजोगे नसताना.

दागिन्यांसाठी वेगळे कलम आहे. मौल्यवान वस्तूंचा विमा ठरवून घेतलेल्या किमतीवर उतरतो. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण सोन्याचा भाव इतका चढला आहे की आईची जुनी पोत किंवा बांगड्यांची जोडी एकट्यानेच लाखाच्या पुढे जाते. अशा वस्तूला सराफाकडून दाखला घ्यावा लागेल. आणि सामान घराबाहेर नेले की मूळ पॉलिसीचे संरक्षण घराच्या उंबरठ्यावर थांबते. लग्नात अंगावर घातलेले किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेले सोने त्यात येत नाही.

कंपनी बदलायची असेल तर आरोग्य विम्याचे नियम डोक्यातून काढून टाका. तेथे प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणून जुन्या वर्षांचा हिशेब नव्या कंपनीकडे नेण्यासाठी ‘पोर्ट’ करावे लागते. घराच्या विम्यात तसे साठलेले काही नसते. जुनी संपते त्या क्षणाला नवी सुरू झाली की झाले. मधे एकही दिवस मोकळा राहू नये यासाठी पॉलिसीवर केवळ तारीख नव्हे, वेळही पाहा. जुनी मध्यरात्री संपत असेल आणि नवी दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होत असेल, तर ती सकाळ उघडी राहते. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी रद्द करण्याचा अर्ज द्यावा.

मुदत संपण्याआधीही रद्द करता येते. जून २०२४ मध्ये आयआरडीएआयने काढलेल्या सर्वसाधारण विम्याच्या परिपत्रकानुसार ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करता येते. वर्षभराच्या पॉलिसीवर क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. कंपनीला मात्र फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज पॉलिसी रद्द करता येत नाही. दहा वर्षांचा हप्ता एकरकमी भरून बसलेल्यांनी त्यामुळे अडकून पडल्यासारखे वाटून घेऊ नये. कर्ज चालू असेल तर नवी पॉलिसी बँकेच्या नावाच्या नोंदीसह काढून तिची प्रत शाखेत द्यावी आणि पोच घ्यावी. बँकेने तारण घराचा विमा मागणे रास्त आहे. अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती तिला करता येत नाही.

नव्या प्रस्तावात पूर्वी पाणी शिरले होते का, आधी क्लेम घेतला होता का, असे प्रश्न असतात. एजंट घाईत ‘नाही’वर खुणा करून टाकतो. ती खूण आपल्या सहीखाली जाते. स्वतः वाचून भरा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला मोठ्याने वाचायला सांगा. कंपनीला आता पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावे लागते. पानभरात काय मिळते, काय मिळत नाही, तक्रार कुठे करायची, हे त्यात असते. दोन कंपन्यांची तुलना करायची तर ही दोन पत्रके शेजारी ठेवून करावी. नुसता हप्ता पाहून केलेली निवड बहुतेक वेळा घरफोडीचे किंवा उपकरणांचे कलम गमावून बसते, आणि वाचतात ते काही शे रुपये.

पुराव्याचे काम मोबाईलवर होते. दिवसाच्या उजेडात पुढच्या दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा. आलमारी उघडून, ट्रंकेचे झाकण वर करून, फ्रीजच्या आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक दिसेल असा. मागाच्या खोलीचा व्हिडिओ वेगळा, सुताच्या गाठोड्यांसकट. मग तो नागपूरला किंवा पुण्याला राहणाऱ्या मुलीला पाठवून द्यायचा, कारण घरासोबत मोबाईलही भिजू शकतो. सुताची खरेदी बिले आणि व्यापाऱ्याच्या वहीतली नोंद यांचेही फोटो असू द्यावेत. तयार मालाचा पुरावा म्हणून विणकराकडे पुष्कळदा दुसरे काही नसते.

नुकसान झालेच तर लगेच कंपनीला फोन करावा, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, आणि क्लेमचा फॉर्म तीस दिवसांच्या आत द्यावा. भिजलेल्या गाद्या आणि सडलेले सूत सर्व्हेअर येण्याआधी नदीकाठी नेऊन टाकू नये. रोगराईच्या भीतीने टाकावेच लागले तर आधी मोजून फोटो काढावेत. आग असेल तर अग्निशमन दलाचा आणि घरफोडी असेल तर खापा पोलीस ठाण्यातला कागद लागतो. पुरानंतर तलाठ्याचा पंचनामा होतो, त्याचीही प्रत घ्यावी. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तोच पंचनामा दोन्हीकडे साक्ष देतो. २०२४ च्या त्याच परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर चोवीस तासांत नेमायचा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा आहे. एखादा कागद कमी पडला एवढ्यावरून क्लेम फेटाळता येत नाही.

निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या यंत्रणेवर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपाल. नागपूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत अर्ज करावा लागतो.